मिठाच्या वखारीचं दार

आमच्या घरात सुई टिकत नसे. हे सांगितलं की लोकांना हसू येतं. माझ्या मायला त्याचं कधी हसू आलं नाही.

नंदुरबार स्टेशनाच्या मालधक्क्यापलीकडे एका शेठची मिठाची वखार होती. माझा बाप आधी तिथे हमाल होता. मग वखारीची राखण आणि मीठ तोलून देणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे आली, आणि त्या कामापोटी वखारीच्या मागच्या भिंतीला टेकलेली एक खोली मिळाली. त्या खोलीत मी जन्मलो आणि तिथेच वाढलो. बाप हमाल होता हे मी कुठे लपवलं नाही, पुढे मोठमोठ्या लोकांत बसायची वेळ आली तेव्हाही नाही.

मीठ आमच्या भिंतीतून यायचं. उन्हाळ्यात भिंतीवर पांढरे फुलोरे उठायचे, बोटाने खरवडले की भुगा पडायचा. पावसाळा लागला की तीच भिंत घामेजायची, आणि मग घरातल्या लोखंडाचं काही खरं नसे. विळ्याची धार जायची. तवा दोन दिवस चुलीवर चढला नाही तर लाल व्हायचा. बादलीची कडी एके दिवशी विहिरीवरच तुटली आणि बादली पाण्यात गेली. माय ठिगळ लावायला बसायची, सुई काढायची, आणि ती टोकाशी काळी पडून मोडायची.

"या मीठनी मन्ही सुई बी खादी!" असं म्हणत ती शेजारी सुई मागायला जायची. शेजारीण द्यायची, पण देताना म्हणायची, "कालदिन लयेल ती कोठे गई वं?" माय खाली मान घालून परत यायची. दारिद्र्य म्हटलं की लोकांना रिकामं ताट आठवतं. मला मागून आणलेली सुई आठवते.

बापाच्या टाचा आणि हाताची बोटं बारमाही फुटलेली असायची. फुटलेल्या बोटांनी मिठात हात घालणं म्हणजे काय, ते त्याच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचं. तोंडाने तो कधी हूं की चूं करत नसे.

बाजाराच्या दिवशी सातपुड्यातली माणसं मिठासाठी उतरायची. त्यांच्याजवळ बांबूच्या टोपल्या, आत पळसाची पानं, नाहीतर वाळलेले भोपळे. त्या सामानाला लोखंडाचा खिळासुद्धा नसे, म्हणून मिठाचं त्यांच्यापुढे काही चालत नसे. बाप तोलून झाल्यावर एक मूठ वर टाकायचा. त्यांच्यातली एक म्हातारी दरसाल यायची. मायचं सुईचं दुखणं तिने ऐकलं, आणि पुढच्या खेपेला मुठीएवढा सुका भोपळा घेऊन आली. त्यात तिळाच्या तेलात भिजवलेली चिंधी, चिंधीत सुई, आणि वर लाकडाचं बूच. आमच्या घरात टिकलेली पहिली सुई ती. भोपळा अजून माझ्याकडे आहे.

शाळेत मला कंपासपेटी बक्षीस मिळाली होती. पावसाळ्यानंतर ती उघडेचना. मास्तरांनी विचारलं, "हे काय करून ठेवलंस?" मी म्हणालो, "आम्ही मिठात राहतो." सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेटी दगडावर आपटून उघडली, आतला कर्कटक गोडेतेलाने पुसला आणि म्हणाले, "मग मीठ असं का करतं, ते तूच शीक."

शिकलो. मॅट्रिक झालो. सुरतेला मावशीच्या घरी राहून कॉलेजात जायचं ठरलं. ज्या रुळांवरून आमच्याकडे मीठ यायचं त्याच रुळांवरून मी उलटा सुरतेला गेलो. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजचं फाटक कोणी पाहिलेलं नव्हतं. बाप स्टेशनावर एवढंच म्हणाला, "जाय. मांगे दखू नको."

आता त्या दाराची गोष्ट.

वखारीचं दार सागाचं, दोन माणसांनी ढकलायचं. त्याच्या लोखंडी बिजागऱ्या गंजून जायच्या, पण हळूहळू, तीन-चार पावसाळे काढून. मी इंटरला होतो त्या वर्षी शेठने मनावर घेतलं. मुंबईहून पितळी बिजागऱ्या मागवल्या, जाड, तळहाताएवढ्या. आमच्या गल्लीतल्या मिस्तरी चाचांनी त्या बसवल्या. चाचांचं घराणं कैक पिढ्यांपासून गावात सुतारकी करणारं. शेठने नारळ फोडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं, "दखा, आते मन्हा नातूलगून दारकडे दखनं नही."

त्याच वर्षी, पावसाळा सरतासरता, भर दुपारी ते दार कोसळलं. बाप आत तोलत होता. दार त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर पडलं. ज्या दाराने पूर्वी तीन-चार पावसाळे काढले, ते पितळ लावल्यावर एकाच पावसाळ्यात आडवं झालं.

शेठ धावत आला. त्याने बिजागऱ्या उचलून पाहिल्या. त्या सोन्यासारख्या पिवळ्याधमक, कुठे डाग नाही. मात्र स्क्रूंचा पत्ता नव्हता. भोकांत थोडी तपकिरी भुकटी, बस्स.

"पितळ दखं का? जसंनं तसं शे," शेठ म्हणाला. "मंग दार कसं पडनं? हाऊ मानूसना हात शे. स्क्रू कोनी तरी काढी लिनात."

"शेठ, चावी मन्हाजोडे ऱ्हास," बाप म्हणाला. "पन मी काय नही कयं."

"चावी तुन्हाजोडे ऱ्हास, तेच तर मी सांगी ऱ्हायनू."

पाडव्याला खोली खाली करायची, असं ठरलं. मी दिवाळीच्या सुटीला घरी आलो तेव्हा माय भांडी पोत्यात भरत होती. बाप बाहेर दगडावर बसला होता. मला पाहून उठला नाही. गावात तोवर पसरलं होतं, की मीठवाल्याने स्क्रू विकले. इतक्या वर्षांत मिठाचा खडा ज्याने इकडचा तिकडे केला नव्हता, त्याच्याकडे लोक वळून बघायला लागले होते. तो म्हणाला, "तू आते स्टेशनवर काम दख. कालेज पुरं झायं." खोली जाणार, बापाचं नाव जाणार, आणि त्या दोघांच्या मागोमाग माझं कॉलेज.

मी वखारीत गेलो. बिजागऱ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. भोकातली भुकटी बोटावर घेतली. गंज होता तो, साधा लोखंडाचा गंज. म्हणजे पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारले होते. चाचांना विचारलं, तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मैंने तो पितल के ही पेंच मांगे थे, बेटा. शेठ बोले, गाँव में मिलते नहीं, डब्बे में लोहे के पड़े हैं, वही मारो."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी असलं, की तो विजेचा घटच होतो. त्यातला एक धातू झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. पितळ आणि लोखंड असतील तर झिजायचं लोखंडाने. त्यात पितळ मोठं आणि लोखंड चिमूटभर असलं तर मग लोखंडाची खैरच नाही. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते सगळं मला त्या भोकात दिसलं. आमच्या खोलीत विजेचा दिवा यायला पुढे किती वर्षं लागली, पण वखारीच्या दारात वीज केव्हाच येऊन बसली होती, आणि ती स्क्रू खात होती.

हे शेठला कसं सांगायचं? घट, धातू हे शब्द काढले असते तर त्याने मला दारातूनच हाकललं असतं. मी त्याच्या पेढीवर गेलो आणि म्हणालो, "शेठ, पाडवालगून माले येळ द्या. बाप चोर नही. चोर मी तुमना डोयासमोर पकडी देस."

"कालेजना शास्त्री उना!" मुनीम म्हणाला आणि सगळी पेढी हसली. शेठनेही हसून घेतलं. मग म्हणाला, "पकड."

काचेच्या दोन बरण्या मिळवल्या. वखारीतलंच मीठ पाण्यात विरघळवलं. जुन्या कंदिलाच्या जाळीतली बारीक लोखंडी तार काढून तिचे दोन सारखे तुकडे केले. दोन्ही बरण्यांच्या तोंडावर एकेक काडी आडवी ठेवली. एका काडीला तारेने शेठचीच पितळी बिजागरी टांगली, पाण्यात बुडेल अशी. दुसरीला तशाच तारेने दगड. दगड मुद्दाम बिजागरीपेक्षा जड घेतला. बरण्या शेठच्या गादीमागच्या फळीवर ठेवल्या आणि सांगितलं, "यासले फक्त तुम्हीच हात लावा. यामानं एक पडी. कोनतं, ते दखा."

"दगड पडी," शेठ म्हणाला. "जड शे."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. दोन्ही पाण्यांत तपकिरी रंग उतरला, थोडा इकडे, थोडा तिकडे. मी रोज सकाळी पेढीच्या पायरीवर जाऊन मान लांब करून बघायचो. तार जाड तर निघाली नसेल? पाडव्यापर्यंत तुटलीच नाही तर? पेढीवर येणारे व्यापारी विचारायचे, "काय शेठ, दगडनं लोनचं टाकं का?" शेठ आधी चिडायचा. मग त्याचा त्यालाच छंद लागला. पुढे पुढे तर तो स्वतःच लोकांना बोलावून म्हणायचा, "सांगा, कोन पडी?" आणि सगळे म्हणायचे, दगड.

बिजागरीच्या बरणीतलं पाणी मात्र गेरूसारखं व्हायला लागलं होतं. ते मला दिसत होतं. शेठलाही दिसत होतं.

धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी पेढीवर गर्दी होती. मी पायरीवर, बाप माझ्यामागे. त्याला मी ओढूनच आणलं होतं. शेठ कोणाशी तरी भावावरून बोलत होता, आणि बोलता बोलता मागून आवाज आला, टण्ण.

सगळे थांबले. शेठ वळला. बिजागरी बरणीच्या तळाला पडली होती. काडीला तारेचं टोक लोंबत होतं, केसासारखं बारीक झालेलं. दुसऱ्या बरणीत दगड होता तिथेच होता.

शेठने बाही वर केली, हात घालून बिजागरी काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसली. तशीच पिवळीधमक. मग तारेचं टोक बोटांत धरलं, तर त्याचा भुगा झाला. पेढीवर कोणी हसलं नाही. मुनीमही नाही.

"पितळनी लोखंड खादं?" त्याने विचारलं.

"पितळ आनि मीठ, दोन्हीसनी मियीसन," मी म्हणालो.

"स्क्रूनी डबी मीच दिन्ही व्हती," शेठ म्हणाला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग मुनीमाकडे वळून ओरडला, "बठना काय? सुरतले सांगी दे, पितळना स्क्रू धाड म्हनीसन!"

माफी वगैरे त्याने मागितली नाही, आणि आम्ही तशी अपेक्षाही केली नव्हती. पण लक्ष्मीपूजनाला त्याने वखारीची चावी पूजेच्या ताटात ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, आणि पूजा झाल्यावर सगळ्यांदेखत ती बापाच्या हातावर ठेवली. बापाने घरी येऊन ती मायकडे दिली. मायने चावीवरचं कुंकू पुसलं नाही, वरून तेलाचा हात मात्र फिरवला. सवयच ती.

पोत्यातली भांडी परत चुलीपाशी लागली. रात्रीच्या भाकरीला बसताना बापाने विचारलं, "कालेजमा हाई शिकाडतस?"

"हा."

"मंग शिक," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. कुठल्या पाण्याला कुठली नळी लावावी, तेजाबाच्या टाकीला आतून कसलं अस्तर हवं, कोणत्या धातूशेजारी कोणता धातू बसवू नये. मोठमोठ्या कारखान्यांत फिरलो. पण कुठे गंजाचा तो ओलसर, आंबूस वास आला की मी आमच्या खोलीत असतो. भिंतीवर पांढरे फुलोरे असतात, बाहेर डोंगरातून आलेल्या बाया भोपळ्यात मीठ भरून घेत असतात, बाप वर एक मूठ टाकत असतो, आणि माय उजेडाकडे धरून सुईत दोरा ओवत असते. ती खोली आता नाही. तिथे परत जायला मिळालं असतं तर मी भिंत खरवडून जिभेला लावून पाहिली असती.

दाराला नंतर पितळी बिजागऱ्या आणि पितळीच स्क्रू बसले. चाचांनीच ते बसवले. बापाने वखार सोडली ती हातपाय थकल्यावर, स्वतःहून, आणि तोवर ते दार पडलं नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर.