हळदीकुंकवातली कवायत

माझ्या बायकोच्या आत्याइतकी निर्लज्ज बाई पुणे शहरात दुसरी नसेल, आणि असलीच तर तिलाही यांनीच तयार केलेलं असणार. मुलींच्या शाळेत जन्मभर कवायत शिकवून आत्याबाई निवृत्त झाल्या. शिट्टी शाळेला परत केली, आवाज मात्र स्वतःकडेच ठेवला. आता त्यांना एकच वेड: उतारवयात बायकांना नकळत होणारी लघवी. आमच्या घरात हा विषय 'जरा जाऊन येते' एवढ्यात आटोपतो. आत्याबाई तो बारशात काढतात, डोहाळजेवणात काढतात, एकदा तर मंगलाष्टकं संपायच्या आत काढला. विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी बाई शिंकली की विचारायच्या, "थेंब गेला का?" लोक जिन्यानं जायचे.

आमच्या घरात किस्से सांगायचं खातं माझ्याकडे. किस्से तेच, पण आई दरवेळी नव्यानं हसायची. मध्यंतरी मात्र मी तोंड उघडलं की ती ओठ मिटून भिंतीकडे बघू लागली. नाटकाला चल म्हटलं तर, "हल्लीची नाटकं बघवत नाहीत." पाणीसुद्धा घोटभरच. माझे किस्से शिळे झाले, असं घरच्यांनी एकमतानं ठरवलं. मलाही ते पटलं.

संक्रांतीला बायकोनं भोळेपणानं वाणाची खरेदी आत्याबाईंवर सोपवली. बायका प्लास्टिकच्या डब्या लुटतात. यांनी पॅडची पाकिटं आणली. मी आत कॉफी गाळत होतो, बाहेर आत्याबाई सुरू झाल्या.

"घ्या, लाजू नका. हे बरं वाटेपर्यंत. आधी डॉक्टरांना दाखवा. आता खुर्चीत ताठ. लघवी रोखताना आवळतो तसं आवळा. श्वास चालू ठेवा. सोडा. रोज करायचं. आणि पाणी तोडू नका, त्यानं उलट त्रास वाढतो."

"अहो आत्याबाई, हळू. आत जावई आहेत."

"असू देत. त्यांच्या आईलाही मूत्राशय आहे."

मग आईचा आवाज आला, "हसलं की होतं. म्हणून हसत नाही."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"ऐकलंत, जावईबापू? तुमचे किस्से भिकार आहेतच, पण विहीणबाई त्यामुळे गप्प नव्हत्या."

डॉक्टरकडे आईला त्याच घेऊन गेल्या. काही महिन्यांनी आई नाटकाला आली, कडेच्या खुर्चीवर बसली आणि पहिल्याच अंकात खळखळून हसली. विनोद काय होता, मला आठवत नाही.

आत्याबाई आता लेकाकडे हिंजवडीला राहतात. वाटेतल्या गर्दीपुढे त्यांनीही हात टेकले. येणं जवळजवळ बंदच. सकाळी आईच्या खोलीतून फोनवरचा तो आवाज येतो, "आवळा. सोडा." मग दोघींचं हसणं. मी कॉफीचा कप घेऊन दाराशी उभा राहतो. ते थांबेपर्यंत आत जात नाही, कॉफी निवते.