सव्वा वर्षाच्या पोरीला मागणी

तोमासा बात्झ एकदा मागे लागली की सुटका नाही, हे चुईशाकच्या डोंगरात कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. दर महिन्याला ती लाकडी फळी पाठीला बांधून घरोघर फिरायची आणि दोन वर्षांखालच्या पोरांना तिच्यावर आडवं पाडून मोजायची. पोरं भोकाड पसरायची, आया कानांत बोटं घालायच्या, हिचं आपलं चालूच. पगार? कसला डोंबलाचा पगार! आरोग्य केंद्राने एक टोपी दिली होती, तीही उन्हाने विटली.

त्या महिन्यात एल्बिया सलग तिसऱ्यांदा सत्तर सेंटीमीटरच भरली. सव्वा वर्षाची पोर. गाल गुबगुबीत, हसरी, आजार म्हणून नाही. अशीच पोरं फसवतात मेली! दोन वर्षांची होईतो हाडांनी धरलं तर धरलं. पुढे कितीही खाऊ घाला, बुडालेलं फारसं भरून येत नाही, आणि डोक्याचंही तसंच.

"खाते काय ही?" तिने पोरीच्या आईला, रोसिंदाला विचारलं.

"काळ्या घेवड्याचं पाणी. त्यात मक्याच्या भाकरीचा तुकडा. वर थोडी गोड कॉफी." रोसिंदाचा आवाज खाली गेला. "दाणे पोटाला जड पडतात म्हणतात सासूबाई."

"आणि एवढ्या कोंबड्या आहेत, त्यांची अंडी?"

"ती शनिवारी बाजारात जातात. त्यातून शेवयांची पाकिटं येतात."

सासूबाई म्हणजे वेंतुरा सुईण. चाळीस वर्षांत डोंगरावरचं प्रत्येक मूल तिच्याच हातांत पडलं होतं, तोमासाची तिन्हीसुद्धा. तिच्या शब्दापुढे जायची कोणाची टाप! चुलीपाशी बसल्या बसल्याच ती फणकारली, "आपली माणसंच बुटकी. माझी आई बुटकी, मी बुटकी. तुझ्या फळीने देवाचं माप बदलणार आहे होय गं?"

तोमासाच्या जिभेवर आलं होतं खूप, पण तिने गिळलं. भांडली असती तर दार बंद झालं असतं आणि पोरीचे महिने फुकट गेले असते. मग ती तेच करायला निघाली, जे डोंगरात मुलीला मागणी घालताना करतात.

गुरुवारी सकाळी तिने ठेवणीतलं पोलकं घातलं, टोपलीत पाव आणि चॉकलेटच्या वड्या रचल्या, वर विणलेलं फडकं टाकलं आणि वेंतुराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. शेजारणी कुंपणाला चिकटल्या. वेंतुरा बघतच राहिली.

"मागणी? आणि कोणाला गं? घरात कुवार एकच, ती अजून रांगतेय!"

"तिलाच, मावशी. नेणार नाही. रोज दुपारचे चार घास तिने माझ्या हातून खायचे. तुमच्याच कोंबडीचं एक अंडं आणि घेवड्याचे दाणे, कुस्करून. दोन वर्षांची होईपर्यंत."

कुंपणाशी हशा पिकला. मागणी दोनदा परतवायची ही रीतच. वेंतुराने टोपली परत दिली. "पोर लहान आहे अजून," म्हणाली, तीही रीतच. पुढच्या गुरुवारी पुन्हा टोपली, पुन्हा परत. या वेळी कोणी हसलं नाही. कारण तिसऱ्यांदा टोपली परत गेली की दोन घरांतलं बोलणं जन्माचं तुटतं. मग तोमासाची फळी त्या दारात कधीच गेली नसती. "सुईणीशी वैर? वेड लागलंय का तुला?" शेजारणी म्हणाल्या. तिसऱ्या गुरुवारी तोमासा गेलीच.

वेंतुराने टोपलीला हात लावला नाही. "बुटके आहोत म्हटलं ना तुला."

तोमासाने उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. कामासाठी उत्तरेत, परदेशी गेलेला वेंतुराचा थोरला, आणि शेजारी तिथेच जन्मलेला त्याचा दहा वर्षांचा मुलगा, बापाच्या खांद्याला लागलेला. "ह्याच्या अंगात रक्त कोणाचं, मावशी? तुमचंच ना? मग हा कसा वाढला?"

वेंतुराने मान वळवून फोटोकडे पाहिलं.

"मीही पाणीच पाजलं," तोमासा म्हणाली. "माझा लुकास वीस वर्षांचा झाला, माझ्या कानाला लागतो. तिसरीत दोनदा बसला, मी मारलं त्याला, आळशी म्हणून. तुम्हाला बोल लावत नाही मी. मला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. आता माहीत आहे."

वेंतुराने टोपली ओढून घेतली, आत ठेवली, आणि रोसिंदाला म्हणाली, "अंडं उकड." दाणे तिने स्वतःच कुस्करले. एल्बियाने पहिला घास थुंकला, दुसरा चघळला, तिसऱ्याला स्वतःच तोंड उघडलं.

"तोमासा," पोरीला भरवता भरवता वेंतुराने विचारलं, "आणि ती बाकीची? मी ह्या हातांनी घेतली ती सगळी? मोठी झालेली? त्यांचं काही होतं का आता?"

खोटं बोलावं असं तोमासाला फार वाटलं.

"उंचीचं नाही होत, मावशी."

वेंतुराने वाटी सुनेच्या हातात दिली, डोळे पुसले आणि खांद्यावर शाल घेतली. "वरच्या वाडीत ह्या वर्षी तीन पोरं जन्मलीत. त्यांच्या आज्यांना मीच सांगितलंय घेवड्याच्या पाण्याचं. फळी घे. चल."