सासूबाई आणि पाठीमागची बोटं

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि वर्षातून काही दिवस टेनिसची रेघ राखते. रेघ राखणं हा शब्द माझ्या सासूबाईंचा. भात निसवलं, कणसं आली की पाखरं राखायला माणूस बसवतात, तशी आपली सून पुण्याला जाऊन रेघ राखते, असं त्या आमच्या वलवण गावात सगळ्यांना सांगतात. त्यात खोटं काही नाही. चेंडू रेघेबाहेर पडला तर ओरडायचं, आत पडला तर तळहात जमिनीकडे करून गप्प राहायचं. मोठ्या स्पर्धांतून हे काम आता यंत्र करतं. आमच्या पुण्यातल्या व्यावसायिक पुरुषांच्या स्पर्धेत, निदान बाजूच्या कोर्टांवर, अजून माणसं उभी असतात. यंत्राला जेवायची सुट्टी लागत नाही, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा.

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंनी हट्टच धरला. "तू तितं काय करतीस ती मला बगू दे." म्हटलं, चला. सकाळच्या गाडीने आम्ही दोघी गेलो. माझी नेमणूक दुहेरीच्या पहिल्या फेरीला होती. दुहेरीला गर्दी नसते, आणि याचं कारण मला कधी कळलेलं नाही. एकेरीत दोन माणसं एकमेकांवर चिडतात. दुहेरीत चौघं असतात, शिवाय त्यांतला एखादा आपल्याच जोडीदारावर चिडलेला असतो आणि ते लपवत असतो. बघायला कितीतरी जास्त असतं. सासूबाईंना मी कोर्टाच्या मागच्या पायऱ्यांवर बसवलं, अगदी माझ्या पाठीशी. माझी बाहेरची लांब रेघ तिथून सरळ दिसते.

एकीकडे दोन उंच परदेशी खेळाडू होते. दुसरीकडे पुण्याचाच एक मुलगा आणि त्याचा दक्षिणेतला जोडीदार. मुलाला आयोजकांनी खास प्रवेश दिला होता. या दर्जाच्या स्पर्धेत तो अजून एकही सामना जिंकला नव्हता. एकदा तरी जिंकायचंय, तेही इथेच, असं सकाळी तो कुणाला तरी फोनवर सांगत होता.

पहिला सेट परदेशी जोडीने सहज घेतला. दुहेरीत एक जण सर्व्हिस करतो आणि त्याचा जोडीदार पुढे जाळीपाशी वाकून उभा राहतो. हा जाळीवरचा माणूस हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो. मूठ म्हणजे मी जागेवर थांबणार, उघडा पंजा म्हणजे आडवा पळून चेंडू अडवणार. समोरच्यांना ती दिसत नाही. आम्हाला मागून दिसते, पण आम्ही दगड असतो.

सासूबाई दगड नव्हत्या. त्यांचे वडील चाकणच्या बाजारात बैलांचे दलाल. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि टॉवेलाखाली कुणी किती बोटं धरली ते ओळखण्यात सासूबाईंचं बालपण गेलं. लपवलेली बोटं दिसली की त्यांना राहवत नाही. दुसऱ्या सेटमध्ये परदेशी जोडी आमच्या टोकाकडून सर्व्हिस करू लागली आणि थोड्याच वेळात मागून आवाज आला, "मूठ हाय. ह्यो आता हालत न्हाई." तो हलला नाही. पुढच्या चेंडूला, "पंजा. पळतंय बगा आता." तो पळाला. आजूबाजूचे चारदोन प्रेक्षक हसले आणि सासूबाईंना चेव आला.

खुर्चीवरचे पंच परदेशी. ते म्हणाले, "थँक यू, क्वाएट प्लीज." पहिल्या दोन शब्दांवरून आपलं कौतुक चाललंय असा सासूबाईंचा समज झाला. मला मागे वळता येत नव्हतं. रेघेवर असताना प्रेक्षकांशी बोलायचं नाही, हा नियमच आहे. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली आणि कान तापलेले.

खरी पंचाईत वेगळीच होती. कोर्टावरच्या चौघांत मराठी एकालाच येत होतं. तो समोर चेंडू परतवायला वाकून उभा होता. मागून "पंजा" आलं, आणि त्याने चेंडू सरळ मारला, जाळीवरचा माणूस पळताना जी जागा मोकळी सोडतो त्या जागेत. चेंडू माझ्या रेघेवर पडला. मी तळहात खाली केले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. परदेशी जोडीने तो गेम गमावला. आमच्या घरातल्या एकीने सांगितलं होतं आणि दुसरीने आत दिलं होतं. मी भयंकर घाबरले. कुणी तक्रार केली असती तर माझं काम गेलं असतं, आणि तो मुलगा जिंकूनही लोक वाटेल ते बोलले असते.

बाजू बदलल्या. तो मुलगा आमच्या टोकाला आला, माझ्या कोपऱ्यातल्या टॉवेलाने तोंड पुसलं आणि वर बघून म्हणाला, "मावशी, मला मराठी येतं."

"मंग चांगलंच हाय की," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतोय. बोटं सांगू नका. त्यांना आमची कुणी सांगत नाहीये."

 मागून आवाज आला, "बरं बाबा. न्हाई सांगत."

हा मुलगा आपल्या शाळेतला असायला हवा होता, असं मला फार वाटलं. माझ्या वर्गातल्यांनी हळूच आणखी दोन खुणा विचारून घेतल्या असत्या.

तो सेट मुलाच्या जोडीने जिंकला. निकालासाठी दहा गुणांचा टायब्रेक झाला आणि सासूबाई तो अख्खा गप्प बसल्या. खूण दिसली की मागे फक्त बांगड्या वाजायच्या. शेवटी परदेशी जोडीला जिंकायला एकच गुण हवा होता आणि सर्व्हिस त्यांचीच, आमच्या टोकाकडून होती. जाळीवरच्याने पाठीमागे पंजा उघडला. बांगड्या वाजल्या, शब्द आला नाही. तो आडवा पळाला, आणि मुलाने चेंडू नेमका त्या मोकळ्या जागेत मारला. चेंडू माझ्या रेघेकडे आला आणि दोन बोटं बाहेर पडला.

"आउट," मी ओरडले. आवाज कापला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हात मिळवायला जाळीकडे गेला. सामना संपला होता. जाताना तो पायऱ्यांखाली थांबला.

"मावशी, शेवटची खूण काय होती?"

"पंजा. तू बरुबर वळखलंस."

"खरंच?"

"मी कशाला खोटं सांगू?"

तो इतका खुलून हसला की हरलाय कोण ते नवख्याला कळलं नसतं. खांद्यावरची बॅग सावरत तो जोडीदाराला सांगायला धावला.

 परतीच्या गाडीत देहूरोडला सासूबाईंनी शेंगदाण्याची पुडी सोडली आणि निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवले.

"खरंच भाईर हुता?"

"होता."

"बरं." थोडा वेळ त्या दाणे खात राहिल्या. "पुडल्या टायमाला मला कडंला बसव. त्या खुर्चीच्या मागं. तितनं बोटं दिसायची न्हाईत न्हवं?"

"नाही दिसणार. पण मग तुम्हाला मजा काय येणार?"

"त्या पोराला आली तीच," त्या म्हणाल्या.