दोन आळाक्कू मीठ

आळाक्कू अक्काला अर्धा, पाव, पाऊण हे शब्द येत नव्हते असं नाही, पण ती ते कधी वापरायची नाही. अर्धी पडी तांदूळ म्हटलं की ती म्हणायची, "चार." पाऊण पडी म्हटलं की "सहा." पडी म्हणजे आमच्या कुंभकोणमकडचं धान्य मोजायचं पितळी माप, आणि आळाक्कू म्हणजे तिचा आठवा भाग, मुठीत मावेल एवढं भांडं. अक्का सगळं जग त्या भांड्यात ओतून बघायची. हंड्यात किती पाणी उरलंय, सुपातली किती डाळ निवडून झालीय, हे ती नुसतं बघून आळाक्कूत सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. "आळाक्कू अक्का" हे नाव तिला मी ठेवलं. सगळ्यांना वाटलं, लाडानं ठेवलं. लाडानं ठेवलं नव्हतं.

तिचं खरं नाव गोदा. ती माझ्या आत्याची मुलगी, तिरुनीलक्कुडीची. चौऱ्याऐंशीच्या आसपास माझ्या अम्माची कंबर धरली, तिला चुलीपुढे बसवेना, म्हणून अक्काला आमच्याकडे आणलं. मी तेव्हा पाचवीत होते आणि ती सोळा वर्षांची. पाचवीनंतर तिची शाळा सुटली होती. ती आली तेव्हा मी खूश झाले, कारण भांडी विसळायचं काम माझ्या मागचं गेलं. हा आनंद फार तर दोन आठवडे टिकला.

अप्पा गावातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. संध्याकाळी शाळेतून आले की दाराबाहेरच्या ओट्यावर, आम्ही त्याला तमिळसारखं तिण्णैच म्हणायचो, ते भिंतीला टेकून बसायचे, मला पाटीवर गणितं घालायचे आणि कॉफी प्यायचे. पेल्याखालच्या पसरट वाटीत ते शेवटचा घोट ठेवायचे. तो माझा. गणित बरोबर आलं तरी माझा, चुकलं तरी माझाच. त्या एका तासात अप्पा दुसऱ्या कुणाचे नसायचे. शाळेत मी पहिली यायची, त्याचं मला विशेष काही नव्हतं. तिण्णैवर मी एकटी आहे, याचं होतं.

त्या वर्षी अपूर्णांक सुरू झाले. अप्पांनी घातलं, पाऊणातून एक अष्टमांश वजा कर. मी छेद मांडले, लसावि काढायला लागले, पाटीवर एक खोडलं, दुसरं लिहिलं. दाराच्या उंबऱ्याशी अक्का घेवड्याच्या शिरा काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाच आळाक्कू."

अप्पांचा पेला ओठांशीच थांबला. "कसं काढलंस ग?"

"पाऊण पडी म्हणजे सहा. त्यातला एक काढला." मग मला समजावल्यासारखं ती तिच्या जुन्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "रुक्मा, मोठ्या मापांच्या भांडणांत पडूं नोको. धाकट्यास विचार. धाकट्याला दोघांचंही ठावें असतं."

अप्पा हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. माझ्या कुठल्याही बरोबर उत्तराला ते तसे कधी हसले नव्हते. "छेद समान करायचा म्हणजे दुसरं काय!" ते म्हणाले. "वर्गातल्या मुलांना मी तीन आठवडे हेच सांगतोय." आणि अंग चोरून त्यांनी तिण्णैवर जागा केली. अक्का ओल्या हातांनी येऊन बसली. वाटीतला घोट त्या दिवशी मलाच मिळाला, पण तो द्यायला अप्पा विसरले होते. मी स्वतःहून वाटी उचलली.

तेव्हापासून ती रोज बसायला लागली. मी हिशेब करायची. तासातला अर्धा वेळ माझा, पाव तिचा, आणि उरलेला पाव तिचं कौतुक करण्यात जायचा, म्हणजे तोही तिचाच. माझ्या वाट्याला अर्धेच अप्पा. अपूर्णांक मला खरे समजले ते इथे.

मी तिची खोड मोडायचं ठरवलं. पडीच्या मापांत अर्धं, पाव, अष्टमांश असतं, तिसरा हिस्सा कुठेच नसतो. म्हणून एका संध्याकाळी मी अप्पांसमोर तिला विचारलं, "एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश, मिळून किती?" तिनं आळाक्कू हातात घेतला, फिरवला, खाली ठेवला. "मजला येत नाही," ती म्हणाली. त्या रात्री जेवण मला फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालायला बसले, तर ती घेवड्याचे बारा दाणे घेऊन आली. "तुझ्या तिसऱ्यास चार दाणे, चौथ्यास तीन. मिळून बारांतले सात. माप नव्हतं, म्हणून नवं केलं." मी वेणीची रिबन शोधत राहिले. पण अप्पांनी आतून ऐकलं होतं. ते बाहेर आले, दाण्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "गोदे, तू खासगी बसून आठवीची परीक्षा दे. मी शिकवतो." त्याच आठवड्यात त्यांनी फॉर्म आणला आणि कपाटात ठेवला. सही तिच्या वडिलांची लागणार होती. ते रामनवमीला येणारच होते.

खरं सांगायचं तर अक्का वाईट असती तर बरं झालं असतं. ती माझ्या केसांना तेल लावायची. शाळेत न्यायला भात द्यायची, त्यावर मला आवडतो म्हणून लिंबाच्या लोणच्याचा खार जास्त घालायची. मी तिचं नाव ठेवलं, तर त्या नावाला ती "ओ" द्यायची. अशा माणसाचा हेवा करणं फार दमवतं, कारण राग धरायला काही सापडत नाही आणि धरलेला तर सोडवत नाही.

रामनवमीला, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्या मराठी घरांचा भजनमठात उत्सव असायचा. त्या वर्षी नैवेद्याच्या पोंगलाची, म्हणजे मूगडाळ-तांदळाच्या मऊ खिचडीची, पाळी आमच्या घराची होती. अम्माला उठवत नव्हतं, म्हणून अप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पोंगल गोदा करेल. आठ पडी तांदूळ. जुन्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अप्पा म्हणाले, "तिचं प्रमाण चुकत नाही."

नैवेद्याचं अन्न देवाला दाखवायच्या आधी कुणी चाखत नाही. जिभेवर ठेवून मीठ बघायचं, कमी असलं तर चिमूट घालायची, ही सोय तिथे नाही. सगळं मापावर. अक्का सोवळ्यात चुलीपाशी, मठाबाहेर यायची नाही. तिनं मला हाक मारली आणि सांगितलं, "रुक्मा, घरून मीठ आण. दोन आळाक्कू. काठोकाठ, वर शीग नोको."

आमच्या घरी मापांचे दोन संच होते. एक अप्पांच्या घराण्यातला, तंजावूरकडचा, अक्का वापरायची तो. दुसरा अम्मानं माहेराहून, मद्रासहून आणलेला. त्यातलं प्रत्येक माप जवळजवळ दीडपट मोठं. तो फडताळात वरच्या कप्प्यात असायचा आणि तो कुणी वापरायचं नाही. मी स्टूल घेतलं. इथे मी म्हणू शकते की मी लहान होते, मला कळलं नाही. पण मला कळलं होतं. आमच्या मापानं ते तीन भरणार, हे गणित मी स्टुलावर उभी असतानाच केलं होतं. मी अम्माच्या आळाक्कूनं दोन मापं मीठ घेतलं, काठोकाठ, वर शीग नाही.

मठात अक्कानं भांड्यात बघितलं. बघतच राहिली. "दोनच ना?"

"दोनच," मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांनी तिला खरं सांगितलं असणार. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मीठ पातेल्यात ओतलं.

पानं मांडली गेली. अप्पांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात पानावर थांबला. मग ते खाली बघून जेवत राहिले, पानातलं सगळं संपवलं. बाकीचे ताक मागत होते. शेवटी अक्काचे वडील उठता उठता म्हणाले, "पाटी हातात आली आणि मीठ हातातून गेलं. पोर बिघडवलीत तुम्ही." अप्पांनी अक्काकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं चुकलं, मामा. मापाकडे लक्ष नव्हतं."

वडिलांनी फॉर्मवर सही केली नाही. तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले. निघायच्या आधी तिनं फडताळ आवरलं. मी बघत होते. घाईघाईत मी अम्माचा आळाक्कू आमच्या पडीत ठेवून दिला होता. अक्कानं तो बाहेर काढला, पुसला, स्टुलावर चढून वरच्या कप्प्यात अम्माच्या पडीत ठेवला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून बस पकडायला गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, तिरुनीलक्कुडीतच.

मला अप्पा पूर्ण परत मिळाले. पूर्ण तास, पूर्ण घोट. पण गणित घालून झालं की अप्पा एकदा दाराच्या उंबऱ्याकडे बघायचे, तिथून कुणी काही म्हणतंय का ते ऐकल्यासारखे. हे त्यांनी कित्येक वर्षं केलं. मी त्या उंबऱ्याचा हेवा करायची.

मी गणिताचीच शिक्षिका झाले. नव्वदच्या दशकात, लग्न होऊन पुण्याला येण्याआधी, मी कुंभकोणमच्या एका मुलींच्या शाळेत सहावीला शिकवत होते. अपूर्णांकांशी मुली अडल्या की मी वर्गात पडी आणि आळाक्कू घेऊन जायची, तांदूळ ओतून दाखवायची आणि तमिळमधून सांगायची, "मोठ्यांच्या भांडणात पडू नका, धाकट्याला विचारा." मुलींना ते फार आवडायचं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हणाले, "माझीच."

सत्त्याण्णवच्या सुमारास अक्काची मुलगी वेणू माझ्या वर्गात आली, रोज बसनं येऊन-जाऊन. आणि एका दुपारी पालकांना वर्ग बघायला बोलावलं, तेव्हा शेवटच्या बाकावर अक्का बसली होती. तीस वर्षांची, अंगानं थोडी भरलेली, पण डाळ निवडताना बसायची तशीच, मान खाली घालून. मी धडा बदलू शकले असते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ती मापांची युक्ती दाखवा ना." मी दाखवली. "धाकट्याला विचारा" म्हणाले मात्र, वेणू उठून उभी राहिली. "टीचर, हे तर माझी अम्मा रोज म्हणते."

सगळे मागे वळले. अक्का उठली आणि तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "मला तुझ्या टीचरनीच शिकवलंय. आम्ही लहानपणी एका घरात होतो."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. माझी चोरी तिनं पदराखाली घेतली. निदान एकदा तरी तिनं माझ्याइतकं लहान व्हावं, एवढंच मला हवं होतं, आणि तेही तिनं मला दिलं नाही.

तिला बस स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी म्हणाले, "अक्का, ते मीठ..."

"ठावें आहे," ती म्हणाली. "तूं दोन बरोबर मोजलींस. माप दुसरं होतं."

"मग अप्पांना का नाही सांगितलंस?"

"मामांनी तुजला तिण्णैवरून उठवलं असतं. तुजला तेवढंच होतं."

"तुझी परीक्षा गेली."

वेणू पुढे चालत होती. "ती गेली," अक्का म्हणाली. "त्याचं वाईट वाटतंय. अजून वाटतंय." आणि बस आली.

घरी जाऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. स्टूल, वरचा कप्पा, सगळं. ते निवृत्त झाले होते, हात थरथरायचा. ते मला रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. उठले, छत्री घेतली आणि नवा फॉर्म आणायला गेले.

त्यानंतर सहा महिने दर रविवारी अक्का सकाळच्या बसनं येई. तिण्णैवर अप्पा आणि ती. कॉफी करून आणायचं काम माझं, आणि कॉफी दिली की मी उंबऱ्याशी बसायची. ती पहिल्याच फटक्यात आठवी झाली. गणितात शंभरपैकी शहाण्णव. मला आठवीत ब्याण्णव होते, हे मी कुणी न विचारता दोनदा सांगितलं.

अक्का आता नाही, अप्पाही नाहीत. पण निकालाचा तो दिवस माझ्याजवळ आहे. अप्पांनी आत हाक मारून आणखी एक वाटी मागवली. पेल्यात शेवटची कॉफी उरली होती, ती थरथरत्या हातानं त्यांनी दोन्ही वाट्यांत ओतली, एक तिच्यापुढे सरकवली, एक माझ्यापुढे. मी सवयीनं मोजलं. तिच्या वाटीत जास्त होती. मी माझी उचलून प्यायले.