केळीच्या गाड्यावरून मतदानाला

मतदानाच्या दिवशी शेजारचे फळवाले चाचा सकाळीच केळीचा गाडा रिकामा करायचे. त्यावर आमची वाकळ अंथरली जायची आणि आईची स्वारी नेकनूरच्या शाळेकडे निघायची. संधिवातानं तिचे गुडघे धरलेले, हाताची बोटं तळव्याकडे वळलेली. भाकरी थापणं सुटलं, वेणी घालणं सुटलं. पण त्या दिवशी गाड्यावर बसून ती साऱ्या गल्लीचे रामराम घेत जायची.

मशीनचं बटण ती दुमडलेल्या बोटाच्या पेरानं दाबायची. एकटी, पुठ्ठ्याच्या आडोशाला. कुणाचं दाबलं, हे तिनं जन्मात सांगितलं नाही. दादा, म्हणजे आमचे वडील, परतीच्या वाटेवर खोदून खोदून विचारायचे. कुणाचं मत कुठं गेलं ते आपण चेहरा बघून ओळखतो, अशी त्यांची ऐट. घरच्या मतापुढं मात्र हात टेकायचे.

"एवढं तरी माझं एकटीचं ऱ्हाऊ द्या," आई म्हणायची. चाचा गाडा ढकलता ढकलता हसायचे.

गेल्या लोकसभेच्या आधी अंगणवाडीताई घरी आल्या. आईसारख्यांना आता घरबसल्या मत देता येतं, साहेबलोकच घरी येतात, म्हणाल्या. मला कोण आनंद झाला. ऊन मरणाचं, आईला अंथरुणातून उठवणंही अवघड झालेलं. मी लगेच हो म्हणून टाकलं.

आईनं विचारलं, "बटण आणत्यात का?"

"न्हाई, कागदावर खूण करायची. पेनानं," ताई म्हणाल्या.

"पेन कुठं धरता येतंय मला?"

"लेक हाय की. तुमी सांगा, ती करील."

"म्हंजी हिला कळंल."

"मी कुणाला सांगणार हाय, आई?" मी म्हणाले.

"तू न्हाई सांगायची. पण तुला तर कळंल."

तिला न्हाऊ मी घालत होते, घास मी भरवत होते. तिच्या पाठीवरचा तीळ न् तीळ मला ठाऊक. तिचं एकटीचं म्हणून एवढंच उरलं होतं. मी ताईंना नको म्हणून सांगितलं. ताईंनी कागद परत पिशवीत घातले.

मतदानादिवशी चाचांनी गाडा आणला. त्यांनाही आता दम लागायचा, म्हणून एका बाजूनं मी ढकलला. शाळेला उतार बांधलेला, चाकाची खुर्चीही होती. शाई लावायला बाईंना आईच्या बोटाचं नख शोधावं लागलं. मग ती आडोशामागं गेली आणि बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी दारात जीव मुठीत धरून उभी. शेवटी मशीनचा लांबलचक आवाज आला, तेव्हा कुठं माझा श्वास सुटला.

आता आई नाही. निवडणूक आली की दादा मला गाठतात, "शेवटी सगळं तूच करत हुतीस तिचं. तुला म्हाईत असंल, कुणाला द्यायची गं ती?"

"न्हाई म्हाईत, दादा," मी सांगते.

त्यांचा विश्वास बसत नाही. मला मात्र हे सांगताना फार बरं वाटतं.