साडूभाऊंचा कडुनिंब

जर्मनीत राहून घाम येत नाही म्हणून हळहळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान मूळचे सांगलीचे. पंप बसवण्यात त्यांचा हातखंडा. डार्मश्टाटच्या त्यांच्या कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी म्हणून अरबी वाळवंटातल्या एका शहरात पाठवलं आणि ते तिथे सात वर्षं राहिले. ताई मुलीच्या शाळेपायी इथेच थांबल्या. त्या शहरापासून समुद्र सहाशे किलोमीटर, शेजारचं शहर तीनशे. आमच्या घरातल्या नकाशात ते नेमकं घडीवर येत असल्यामुळे तिथे भोकच पडलं आहे. साडूभाऊंपुढे हे बोलायची सोय नाही. "नकाशा स्वस्तातला घेतलात," असं म्हणून ते मोकळे होतात.

ते परत आले खरे, पण देहापुरतेच. त्यांच्या बोलण्यात 'आमच्याकडे' म्हणजे सांगली नव्हे, आणि डार्मश्टाट तर नव्हेच नव्हे. आमच्याकडे चंद्र एवढा दिसतो, आमच्याकडे शर्ट दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळलेला असतो. मी एकदा भीत भीत म्हटलं, "तिथे वाळूची वादळं फार ना?" तर डोळे चमकले. "गेनाऊ! अगदी बरोबर! पण काय वादळं असतात! इथल्यासारखी पिरपिर नाही." जुलैत पारा बावीसवर गेला की सगळी इमारत बाल्कनीत ऊन खात बसते, आणि साडूभाऊ स्वेटर घालून त्या सगळ्यांची कीव करतात.

वारांचंही तसंच. वाळवंटात सुट्टी शुक्रवारची आणि रविवार कामाचा. परतल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी फळी ठोकायला ड्रिल सुरू केलं. रविवारी ड्रिल चालवणं हा जर्मनीत जवळजवळ फौजदारी गुन्हा. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका तशाच गाऊनवर खाली आल्या. "हेर नाखबार, हॉयटे इस्ट झोनटाग!" म्हणजे अहो शेजारी, आज रविवार आहे! साडूभाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "आमच्याकडे आज कामाचा दिवस." बाईंनी घरमालकाला तक्रारीचं पत्र लिहिलं, आणि शिस्तीप्रमाणे त्याची एक प्रत साडूभाऊंनाही आणून दिली.

पण खरी कमाल तांदळाच्या धुवणाची. सांगलीहून नेलेली एक निंबोळी त्यांनी तिथल्या कॅम्पवर रुजवली होती. कॅम्प शहराबाहेर, पाणी टँकरचं आणि मोजून मिळणारं. झाडाला कुठून घालणार? साडूभाऊंनी तिथल्या मल्याळी आचाऱ्याला पटवलं, की चाळीस माणसांचा तांदूळ रोज धुतोस, ते पाणी बादलीत धर. त्या धुवणावर कडुनिंब दुमजली झाला. आपण बसवलेल्या पंपांवर एक अख्खं शहर पाणी पितं, हे साडूभाऊ वर्षातून एकदा सांगतात. कडुनिंबाबद्दल रोज. इथेही तांदळाचं धुवण बादलीत साठतं आणि ते खाली अंगणातल्या लिंडनच्या झाडाला घातलं जातं, भर पावसातसुद्धा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली. ताई खिडकीतून ओरडतात, "अहो, त्याला वरून मिळतंय!" "ते फुकटचं. हे आपलं," साडूभाऊ म्हणतात.

दर शुक्रवारी दुपारी ते तुर्की दुकानातलं फोन कार्ड खरवडून आचाऱ्याला फोन लावत. "पानी?" "दिया, साब." एवढंच संभाषण. एका शुक्रवारी फोन लागला नाही. पुढच्याही नाही. कंपनीत चौकशी केली तर कळलं, की कॅम्प दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला आहे. तिथल्या उन्हाळ्यात आठवडाभर पाणी चुकलं की झाड उभं जळतं, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला ठाऊक असणार? त्यांचं 'आमच्याकडे' बंद झालं. बादली तेवढी चालू राहिली. मला पहिल्यांदाच त्यांची थट्टा करवेना. शेवटी वरच्या बाईंनीच जिन्यात ताईंना अडवून विचारलं, हल्ली तुमच्या यजमानांचा आवाज का येत नाही? ताईंनी त्यांना सगळं सांगितलं.

आणि मग एका शनिवारच्या टपालाने पाकीट आलं. आत फोटो. हिरवागार कडुनिंब, त्याच्या सावलीत लांबलचक टेबल, जेवायला बसलेली माणसं, आणि बुंध्याशी बादली. मागे रोमन अक्षरांत हिंदी लिहिलेलं: "साब, नया मालिक, पर चावल तो रोज धोता है. टेन्शन मत लो."

साडूभाऊ शनिवारभर नुसते फोटो बघत बसले. रविवारी आम्ही जेवायला गेलो तेव्हा फोटोला चौकट झाली होती, ड्रिल टेबलावर होतं आणि साडूभाऊ भिंतीकडे बघत होते. "उद्या लावू. आज रविवार," ते म्हणाले. असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ताई वर जाऊन बाईंना घेऊन आल्या. बाईंनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला आणि झाड कोणी लावलं म्हणून विचारलं. "इख," साडूभाऊ म्हणाले. म्हणजे मी. एवढं म्हणताना ते असे ताठ उभे राहिले, की अभिमानाने माझाच ऊर भरून आला.

बाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा ड्रिलकडे. "पाडा भोक," त्या म्हणाल्या, "पण एकच."

साडूभाऊंनी ड्रिल चालवलं, पण भोक बोटभर बाजूला पडलं आणि चौकट एका अंगाला कलली. फोटो सरळ दिसायला दुसरं पाडावं लागलं असतं. पुढे कितीतरी सोमवार आले आणि गेले, पण कडुनिंब अजून तसाच तिरका आहे.