तीन पट्ट्या खाली

अलकाअक्का स्टेजवर पदर खोचत होत्या, तेवढ्यात मी कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबलं. चेहरा असा ठेवला, की जणू मी मंडपाची सजावटच बघतोय.

हे बटण दाबलं की बोटं त्याच जागी चालतात, पण अख्खं गाणं खाली उतरतं. काळी चारचं गाणं पांढरी चारला, म्हणजे तीन पट्ट्या खाली आलं. वरचे सूर गाठायला सोपं.

आमचा ग्रुप जळगावचा. चार गायक, कीबोर्डवर मी. सिनेमातली जुनी गाणी चार आवाजांत गातो, तीही मूळ पट्टीत. हा अक्कांचा हट्ट. बावीस वर्षं मुख्य आवाज त्यांचाच. गेल्या वर्षी इथेच, धुळ्यात, अंतऱ्याला त्यांचा आवाज फाटला. आयोजक नानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर दुसरी गायिका आणा."

गाणं सुरू झालं. अक्का अंतऱ्यात अशा चढल्या, की लोकांनी ओळ संपायच्या आधीच टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात स्वतःला हार घातला.

मग प्रकाशभाऊंकडे नजर गेली. ते आमचे उंचेपुरे बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. त्यांचे सूर आता त्यांच्या गळ्याच्याही खाली गेले होते. बिचारे पूर्ण हावभावांसह नुसतं तोंड उघडत होते.

मध्यंतरात नाना आले आणि खुशीत अहिराणीवर उतरले. "बठ्ठं झकास शे! पण तो उच्चा भाऊ गास का नुसतं तोंड हालाडस? त्याला बदला."

प्रकाशभाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मग मीच अक्कांना बटणाचं सांगितलं.

अक्कांनी कीबोर्डचा स्क्रीन पाहिला. उणे तीन.

"मला वाटलं, रियाज फळाला आला."

"अक्का, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"बावीस वर्षं माझ्या चुका तोंडावर सांगितल्यास, सुभाष. हीच तेवढी पोटात ठेवलीस?"

मी स्क्रीनवरचा आकडा हाताने झाकला.

माझा हात बाजूला सारून त्या म्हणाल्या, "पुढचं गाणं मूळ पट्टीत. अंतरा निशा घेईल. मी तिच्या खालची ओळ गाते."

निशा आमची दुसरी गायिका. ती घाबरत वर गेली, पण खालून अक्कांचा आवाज तिला धरून होता. प्रकाशभाऊ तर गरज नसताना गरजले.

कार्यक्रम संपल्यावर नाना खूश. "ही नवी पोरगी चांगली आणली!"

"अकरा वर्षं इथंच उभी आहे, नाना," निशा म्हणाली.

तेव्हापासून पट्टी बदलायची असली, तर मी आधी गाणाऱ्याला सांगतो. अवघड काम आहे. निदान दोन चहा लागतात.